अनुराधपूरची पौर्णिमा

सन्माननीय अध्यक्ष केशवरावजी, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे माझे सहकारी आणि शेजारी पुंजाजी गुरुजी, आणि दर्यापूरकर बंधुभगिनींनो,

गुरुजींच्या शिकवण्याबद्दल मघापासून सगळे भरभरून बोलले. मी बोलणार आहे त्यांच्या सिलोनच्या प्रवासाबद्दल. बासष्टच्या उन्हाळी सुटीत ते गेले. आपल्यापैकी समुद्र तरी कोणी पाहिला होता? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माझी अकोल्यापर्यंत!

मनकर्णावहिनींना अक्षरओळख नव्हती. गुरुजींची पत्रं मी त्यांना वाचून दाखवायचो आणि त्या सांगतील ते उत्तर लिहायचो. नारळाची बनं, विहारापुढे नाचणारे ढोलवाले, तळ्यात डुंबणारे हत्ती... ऐकायला सगळी आळी ओट्यावर जमायची. खरं सांगू? पत्राची वाट वहिनींपेक्षा मीच जास्त पाहायचो.

जूनच्या आरंभी पत्र आलं. 'अनुराधपूरला बोधिवृक्षापाशी ज्येष्ठी पौर्णिमेचा मोठा उत्सव असतो. थांबू का? तू म्हणशील तसं.' वहिनींना तेव्हा चार दिवसांचा ताप होता. भिंतीला टेकून म्हणाल्या, "लिवा भाऊजी, मले बरं नाही वाटून रायलं. आता घरी या म्हना."

मी लिहिलं, 'मी मजेत आहे. पौर्णिमा पाहूनच या.'

काय म्हणून? ताप काय, उतरेल, असं वाटलं हे खरंच. पण मला ती पौर्णिमा वाचायची होती, हेही तितकंच खरं.

अध्यक्षमहाराज, दोनच मिनिटं घेतो.

ताप मुदतीचा निघाला. घाबरून तार केली, तोवर गुरुजींनी मुक्काम हलवला होता. पौर्णिमेच्या तीन दिवस आधी वहिनी गेल्या. मग ते पत्र आलं. पांढऱ्या वस्त्रांतले हजारो यात्रेकरू, पणत्यांच्या रांगा, आणि शेवटी एक ओळ: 'मनकर्णे, तू म्हणालीस म्हणून पाहिलं.' ते पत्र मी कोणालाच वाचून दाखवलं नाही.

गुरुजी, गेली तीन वर्षं तुम्ही भेटेल त्याला सांगता, "तिनंच मले पाहून या म्हटलं, तिचं मन मोठं." मन मोठं होतंच. पण त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं हो. उद्या तुम्ही मुलाकडे नागपूरला निघालात. माझं खोटं बरोबर घेऊन जाल, हे मला सोसवेना.

समारंभ समितीने बोलायची संधी दिली, त्यांचा मी ऋणी आहे. प्रसंगाला न शोभणारं बोललो असेन, तर सभेने पोटात घालावं. जे लिहिलं त्याची क्षमा मात्र मी फक्त पुंजाजींकडे मागतो. ती आजच द्यावी, असा माझा आग्रह नाही.