आदेऊश

तार आली तो दिवस काही वेगळा नव्हता हो. त्र्याहत्तर साल. सांगलीत आमच्या अंगणात मी सायकलचं पंक्चर काढत बसलो होतो. धाकटा भाऊ वसंता पाचगणीच्या एका शाळेत मास्तर होता. त्याची गाडी घाटात कोसळली होती.

चारच दिवसांपूर्वी तो सुट्टी संपवून परत गेला होता. शाळेतल्या गोव्याच्या मास्तरांकडून पोर्तुगीज शिकत होता, त्यामुळे निघताना उंबऱ्यातून ओरडला, "आदेऊश!"

"ह्ये काय रं?" आईनं विचारलं.

"निरोपाचा शब्द, आई. पोर्तुगीज म्हणतात आदेऊश, स्पॅनिश आदिओस, कातालान आदेऊ. सगळ्यांचं मूळ एकच. तुला देवाच्या हवाली केलं."

"लय वंगाळ! आधी येतो म्हन."

"अगं, गाडी चुकंल!" असं हसत हसत तो गेला. येतो म्हणालाच नाही.

पाचगणीला जाऊन आम्ही सगळं उरकलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोस्टमननं कार्ड आणून दिलं. अक्षर वसंताचं होतं, तारीख अपघाताच्या आदल्या दिवशीची.

"वाच," आई म्हणाली.

मी वाचलं. "आईला सांग, रागावू नकोस. त्या दिवशी म्हणायचं राहिलं. येतो."

आई रडली नाही. उठली आणि पुढच्या दाराची कडी काढून आली.

"ऐकलंस न्हवं? येतो म्हनलाय."

त्याच्या फोटोला आम्ही अजून हार घातलेला नाही.