तक्त्यावर बदक होतं

—घडाघडा वाचलंत सर, चार, नऊ, दोन, सात, पाच, अडखळला नाहीत की डोळे बारीक केले नाहीत — पण जरा थांबाल का? लायसन्सच्या फॉर्मवर सही करायला मी पेन उचललंही होतं, आता खाली ठेवतेय. रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल, पण आधी ऐका. मघाशी फोन वाजला ना — मी दचकले, मी कशालाही दचकते, आमचे मोठे डॉक्टर म्हणतात हिच्यासमोर शिंकायचीही चोरी — तर त्या दचकण्यात माझा हात रिमोटवर पडला आणि भिंतीवरचा तक्ता बदलला. आकड्यांचा गेला, लहान मुलांचा आला. तुम्ही ‘चार’ म्हणालात तिथे बदक होतं, सर. नऊच्या जागी छत्री. अजूनही आहे. बघा ना. — हो, मान वळवलीत, पण बघितलंत का?

हसण्यावारी नका नेऊ. दरवर्षी मोठे डॉक्टरच तपासतात, माहितीय मला. तोच तक्ता, तीच ओळ, मग सही, मग तुमच्याबरोबर फोटो — बाहेर लावलाय, फ्रेम्सच्या कपाटावर. आज नेमके ते नाहीत आणि तुम्ही माझ्या वाट्याला आलात. आणि तुम्ही कोण ते मला कळलं नाही असं समजू नका हं! दारातून आत आलात तेव्हा माझ्या हातातली काच पडता पडता राहिली. आमच्या घरात तुम्हाला नावाने कुणी ओळखतच नव्हतं — डिंक! ‘आपला डिंक’, बाबा म्हणायचे, जसं काही तुम्ही शेजारच्या बिऱ्हाडात राहता आणि संध्याकाळी चहाला येणार आहात. बॉल हाताला लागला की सुटायचा नाही, म्हणून डिंक. असा गोलकीपर पुन्हा होणे नाही, असं ते जेवताना, दाढी करताना, बूट पुसताना, केव्हाही म्हणायचे.

माझ्याकडे बघा बरं. बघताय, पण माझ्या कानाकडे. आल्यापासून कानाकडेच. मला आधी वाटलं, मोठा माणूस, आमच्यासारख्यांच्या तोंडाकडे कशाला बघेल — मनातल्या मनात चार शिव्यासुद्धा घातल्या तुम्हाला, खोटं कशाला बोलू? तसं नाहीये. समोरचं गेलंय तुमचं. नजरेच्या बरोबर मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणून तिरकं बघून भागवता. किती वर्षं झाली? ... नका सांगू. ती शेवटची फायनल — तेव्हापासून का? डावीकडचे अडवलेत, उजवीकडचे अडवलेत, आणि सरळ छातीवर आलेला, शाळेतल्या पोरीनेही धरला असता असा बॉल दोन हातांच्या मधून आत गेला. पेपरवाल्यांनी लिहिलं, विकला गेला. बाबा त्यापायी दोन मित्रांशी कायमचं भांडले. ऊन होतं म्हणाले, डोळ्यांवर ऊन होतं त्याच्या! — आणि तुम्ही इतकी वर्षं लोकांना चोर म्हणू दिलंत, पण दिसत नाही हे तोंडातून काढलं नाहीत?

हळू बोलते, हळू. दार लावलंय, बाहेर ऐकू जात नाही. — काय? फक्त नातीला शाळेतून आणता? चार वळणं, वीस वर्षांचा रस्ता, डोळे मिटूनही जाल, रस्ता पाठ आहे? तक्ताही पाठ होता, सर.

मी उद्धटपणे बोलत नाहीये. मी काय कोणी मोठी लागून गेले, नोकरीला जेमतेम सात महिने झालेत. पण पाठ म्हणजे काय ते मला विचारा. बाबा बेकरीची व्हॅन चालवायचे. नजर अधू झाली, तपासणी आली, नोकरी जाईल म्हणून रात्ररात्र जागत बसायचे. मी तेव्हा कॉलेजात हेच शिकत होते. कॉलेजातला तक्ता आणून स्वयंपाकघराच्या दाराला लावला आणि दोन दिवस त्यांच्याकडून घोकून घेतला — आई भांडी घासत होती, तिलासुद्धा पाठ झाला. पास झाले. आम्ही किती हसलो! आणि पाचव्या महिन्यात एक बाई रस्ता ओलांडत होती, हातात पिशवी, अगदी समोर — समोर हो, कडेला असती तर — जगली ती. कुबडी घेऊन चालते. सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागले नाहीत. आईलाही ब्रेकच माहिती. बाबा गेले तेव्हाही ब्रेकच. मी आजपर्यंत कुणालाही — अरे देवा. हे मी तुम्हाला का सांगितलं? विसरा. तुम्ही काही ऐकलं नाहीत.

असं का म्हणताय? ... नाही, कळलं मला. बापासाठी केलंस तेच माझ्यासाठी कर, नाहीतर मोठ्या डॉक्टरांना एक फोन. बरोबर ना? छान. आमचा डिंक! — करा फोन. नोकरी जाईल. सर्टिफिकेटही जाईल, कदाचित त्या बाईच्या घरचेही येतील विचारायला. पण हे बघा, लिहिलं. ‘वाहन चालवण्यास अपात्र.’ खाली माझी सही. गिचमिड आलीय, पण माझीच आहे.

दुसरीकडे जाल? जा की. तिथला तक्ता कुठला आहे ते आधी काढा शोधून. — उठलात कशाला? बसा. खाली गाडीत कोण आहे? मघापासून खिडकीतून दिसतेय मला, मागच्या सीटवर, वेणीशी खेळतेय, काचेवर काहीतरी काढतेय बोटाने. तिला घेऊन घरी जाणार? याच गाडीतून? आजच्या दिवस म्हणे! तिची सुटली, पण इथल्या बाकीच्या शाळा आत्ता सुटतायत, सर, सगळा रस्ता पोरांनी भरलाय.

नाही. बाजूला होणार नाही. मी दाराला पाठ लावून उभी आहे. ओरडा खुशाल — ओरडलात की मी दचकणार, ते माझ्या हातात नाही, पण हलणार नाही. तुमच्या बरोबर समोर आहे मी. म्हणजे आत्ता मी तुम्हाला दिसत नसणार. पण आहे. हात पुढे केलाय. किल्ली द्या.

... थोडं वर. अजून. हां — मिळाली.

बसा तिथेच. मी नातीला वर घेऊन येते.