चौदा शिक्क्यांचा अर्ज

नाही, पण मला सांगा, नऊ पोरांसाठी एक बस मागायला किती माणसं लागतात? तुम्ही म्हणाल, एक. मीही तेच म्हणालो होतो आणि तिथेच फसलो, कारण सहा वर्षं परदेशात बालहक्क शिकता शिकता आमच्या रोमानियात काम कसं होतं, तेच मी साफ विसरून आलो होतो.

तुम्हाला सांगतो, प्रकरण इतकं सरळ होतं की... आमच्या डोंगरावरच्या वस्तीतली ओतिलिया, वय दहा, आणि तिच्यासारखी आणखी आठ, रोज चार किलोमीटर चालत शाळेत जातात, तेही लाकडांचे ट्रक धावतात त्या रस्त्याच्या कडेनं. बस उन्हाळ्यात बंद पडली ती पडलीच. शुक्रवारपर्यंत कचेरीत अर्ज गेला तर बर्फ पडायच्या आत बस, नाहीतर पुढच्या वर्षी. मी सात ओळींचा अर्ज लिहून आमच्या महासंघापुढे ठेवला. मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या चौदा संस्था, ब्रीदवाक्य एक : केंद्रस्थानी मूल.

अध्यक्षा सिदोनियाबाईंनी चष्मा काढला. "छान लिहिलंयस रे तिबी. शिक्का कुठाय?"

म्हटलं, बाई, आता शिक्का लागत नाही, कायदा बदललाय.

"कायदा बदलला असेल. टेबलामागची माणसं तीच आहेत."

झालं. चौदा संस्था, चौदा गोल शिक्के. आणि आमच्याकडे संस्था जितकी लहान तितका शिक्का मोठा. पान्तेलिमोनकाकांची संस्था म्हणजे ते आणि त्यांची मेहुणी, पण शिक्का बघाल तर बशीएवढा. त्यात कचेरीला अर्ज लागतो एकाच पानाचा, दुसरं पान तिथे हरवतं. मी म्हटलं, काही शिक्के मागच्या बाजूला मारू या का? मग काका शांतपणे म्हणाले, "मागे कोण बसणार? तू बसतोस?"

म्हणून मजकूर कापायचा ठरला. आणि उगाच नाही हं, तत्त्वानं. ओतिलियाचं नाव काढलं, कारण एकीचं घेतलं तर आठांवर अन्याय. मग 'नऊ मुलं' काढली, कारण नऊच का, सगळी का नाहीत? ट्रक काढले, कारण मुलांविषयी लिहिताना भाषा आशादायी हवी. राहिलं काय, तर पानाच्या मधोमध अंगठ्याएवढ्या जागेत : 'आम्हांस बस हवी.'

"बघ," सिदोनियाबाई त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "केंद्रस्थानी मूल."

शुक्रवारी कचेरीत गेलो. तिथल्या वेतुरियाबाई कागद बघून खुर्चीतून उठल्या. अहो, त्या बाई जिवंत माणसासाठी उठत नाहीत. "याला म्हणतात अर्ज," म्हणाल्या, आणि पोचशिक्का उचलला. पोचशिक्का पुढच्याच बाजूला मारतात, त्याशिवाय अर्ज दाखल होत नाही. त्यांनी जागा शोधली. वर नाही, खाली नाही... आणि मग सापडली. धप्प.

म्हटलं, बाई, त्याखाली बस होती.

"कसली बस?"

सोमवारी उत्तर आलं : 'आपल्या अर्जातील सर्व मागण्या मान्य.' महासंघानं प्लमची दारू काढली, कोबीचे रोल वाटले, काकांनी भाषण केलं, केंद्रस्थानी मूल वगैरे. मी अर्जाची प्रत घेऊन ओतिलियाकडे गेलो. तिनं कागद खिडकीपाशी उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"दादा, बस कुठाय?"

"त्या मधल्या शिक्क्याखाली."

"आणि मान्य काय झालं?"

"सगळंच."

"बरं," म्हणाली, आणि आत वळून हाक मारली, "आई, गमबूट काढून ठेव गं."

मीही एक जोड घेतलाय. रोज सकाळी साडेसहाला निघतो, नऊ पोरं आणि मी. ट्रकच्या बाजूनं मी चालतो... महासंघाची त्याला अजून मंजुरी यायची आहे.