पंखाच्या घोड्यासाठी थांबलेली एसटी

...आन वरून बायको मलाच म्हणती, 'ओरडू नका, घोडा बिचकंल!' आता तुम्हीच सांगा, मुखेडात किराणा दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्या शिवमूर्तीच्या घरात घोडा आला कुठून?

तुम्हाला सांगतो, आमची लेक अक्षरा गेली लातूरला, डॉक्टरकीच्या क्लासला. होस्टेलात मोबाईल ठेवायला बंदी. आन पोरीच्या फोनात एक गेम, मामानं वाढदिवसाला त्याची वर्षाची मेंबरशिप घेऊन दिलेली. आता त्या कंपनीची हुशारी बघा... रोज गेम उघडून हजेरी लावायची. वर्षभर खंड न्हाई पडला तर शेवटच्या दिवशी पंखाचा घोडा, आन फक्त मेंबरांसाठी एक बेट! एक दिस चुकला की सगळं गेलं! अहो, गिऱ्हाईक असं बांधून ठेवायची अक्कल मला आख्ख्या जन्मात आली न्हाई!

जाताना पोरीनं फोन आईच्या हातात दिला, म्हणली, 'आई, हजेरी चुकवू नको.' झालं! आमची जगदेवी, जिला फोन लावून द्यायला मी लागायचो, ती रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून गेम उघडायली! चहा मागितला, 'थांबा, हजेरी!' पावणे आले, 'बसा, हजेरी!' सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडायल्या आन ही मांडवामागं... हजेरी!

आला शेवटचा दिस. गेम म्हणतो, आधी नवं बेट डाउनलोड करा, मगच आत घेतो. आन मुखेडात सकाळपासून रेंज गायब! मी म्हणलं, 'जाऊ दे गं.' तिनं माझ्याकडं असं बघितलं... मी गपचूप शटर ओढलं. नांदेडची एसटी धरली. पुढं एका चढावर आली की हो रेंज! बेट उतरायला लागलं, आन ही उठून ओरडली, 'थांबवा गाडी, रेंज जाईल!'

कंडक्टर व्यंकटराव तडकला, 'खेळासाठी गाडी थांबवू? मावशी, नोकरी जाईल माझी!'

ही म्हणती, 'लेकीला शब्द दिलाय. तिनं तिकडं एक क्लास चुकवला न्हाई, मी एवढं बी करू नये?' आन रडायलाच लागली हो! मागून अमीरबी, आमच्या गल्लीतली बांगडीवाली, गरजली, 'हमारा बेटा शहेबाज भी वहीच पढता है ना! ठैरो जी!'  मग व्यंकटरावानं घंटी मारून गाडी थांबवली, खाली उतरला आन म्हणतो कसा, 'टायरात हवा कमी वाटून राहिली.' चांगल्या टायराला लाथा मारत उभा राहिला बिचारा! आख्खी गाडी हिच्या फोनात डोकावून... लागली हजेरी! निघाला घोडा! काय टाळ्या म्हणता!

रविवारी होस्टेलच्या हापिसातल्या फोनवरून पोरीचा फोन. म्हणती, 'अगं आई, गेम तर मी विसरूनच गेले होते!'

माझं डोकंच फिरलं! पण ही हसली. म्हणली, 'विसरलीस म्हंजी अभ्यासात बुडालीस. मला तेवढंच पाहिजे होतं.' खरं सांगतो, माझ्याच डोळ्यात पाणी आलं. काय बाई हाय हो!

मला वाटलं, सुटलो. कुठलं? जोडीनं मेंबर झालं तर दुसरा घोडा फुकट, म्हणून हिनं माझं बी खातं काढलं! काल बेटावर मी घोड्यावरून पडलो, ही उडत पुढं निघून गेली, आन सोफ्यावर शेजारीच बसून मला म्हणती, 'या सावकाश!'