आफ्रिका, भीमराज आणि पाचवा 'का'

...आणि वर मलाच विचारतात, "नागसेन, सरकवलं कोणी?" आता तुम्हीच सांगा, मी क्वालिटीचा माणूस, मापं घेणार का फिक्स्चरला मिठी मारून बसणार? तुम्हाला सांगतो, निघोज्याला आमची कंपनी, गाडीच्या दाराच्या पट्ट्या वेल्डिंग करतो, आणि पट्टीचं भोक दर आठवड्याला केसभर बाजूला! म्हटलं साहेब, ज्यात पट्टी अडकवतो ते चार टनांचं फिक्स्चरच सरकतंय! दोन महिन्यांची मापं दाखवली. वाकून दाखवलं, पिवळ्या रंगाचा ओघळ, अर्धा फिक्स्चरच्या पायावर, अर्धा फरशीवर, मधे दोन मिलिमीटर फट... जोडला तर एकच ओघळ! तर आमचे रंगराव साहेब कमरेवर हात ठेवून, "एवढं धूड सरकतं होय रे? बरं, सरकलं. सरकवलं कोणी?"

घरी आलो पिंपळे सौदागरला, चपला काढतोय तोवर नेहा, पोरगी माझी, नववीला, प्रोजेक्ट घेऊन उभी, "पप्पा, आफ्रिका धरा." धरली! तिनं दक्षिण अमेरिकेचा पुठ्ठा आणून टेकवला, फिट्ट! दोन्हीकडे तेच खडक, दगडात तेच प्राणी... आणि प्राणी गोड्या पाण्यातला, तो समुद्र काय डोंबल पोहणार? म्हणजे खंडच सरकले! एका जर्मन माणसानं शंभर वर्षांपूर्वी पुराव्यानिशी मांडलं. म्हटलं, मग हार घातले असतील? "छे! मोठमोठे प्रोफेसर हसले. म्हणाले, एवढे खंड सरकवले कोणी? त्याला नीट सांगता येईना." अहो, माझ्या हातातली आफ्रिका खाली पडली! म्हणजे तिथंही रंगराव!

आता आमच्याकडे पद्धत अशी, चूक झाली की फॉर्म भरायचा, पाच वेळा 'का' विचारायचं, शेवटी मूळ कारण. मी चार 'का' भरले, पाचवा कोरा. कोरा कस्टमरला चालत नाही! साहेबांनी पेन काढलं, लिहिलं, 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. ऑपरेटर कोण? भीमराज! बारा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, एक खाडा नाही, पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचा होता, फाइल थांबली. म्हटलं, साहेब, त्यानं ढकललं का चार टन? "मग तू सांग, सरकवलं कोणी?" ...सही माझी लागते. केली. लाज वाटली हो, पण केली.

संध्याकाळी नेहाला विचारलं, त्या जर्मनाचं पटलं कधी? "पन्नास वर्षांनी, पप्पा. समुद्राच्या तळाची मापं घेतली तेव्हा. तो केव्हाच गेला होता." पन्नास! माझ्या रिटायरमेंटला अकरा उरलीत. तोवर भीमराजला आठ दिवसांचं ट्रेनिंग लावलंय, विषय काय, तर न सरकणारं फिक्स्चर सरकू कसं द्यायचं नाही! आणि शिकवायला कोण? ...अहो, मीच!