आरेच्या स्टॉपवरची जपानी पोरगी

आमच्या निलेशबरोबर आरेत कधी जाऊ नका. तो बघतो त्या जपानी कार्टूनमध्ये (कार्टून म्हटलं की चिडतो, ॲनिमे म्हणायचं) हिरोईन मुंबईत येते आणि शेवटच्या भागात आरेच्या बसस्टॉपवर मरते. फॅन लोक म्हणे अशा खऱ्या जागांची यात्रा करतात आणि हुबेहूब सीनसारखा फोटो काढतात. हा येडा तिचं फ्रेम केलेलं चित्र स्टॉपच्या बाकावर ठेवून डोळे पुसत बसला.

बसची वाट बघणाऱ्या एका मावशींना राहवेना. केसातलं अबोलीचं फूल काढून त्यांनी चित्राला वाहिलं.

"डोळे केवढे मोठे रे पोरीचे! कशी गेली?"

"इथेच. ट्रकने उडवली."

"अरेरे! दहाव्याला कावळा शिवला ना?"

"कशाला, मावशी? दिवाळीत परत येतेय ती."

याला म्हणायचं होतं नवीन सीझनमध्ये. मावशींनी फूल उचललं आणि बस सोडून रिक्षा पकडली.

पुढच्या रविवारी परत गेलो, तर भर दुपारी स्टॉपवर चिटपाखरू नाही. छताला लिंबू-मिरची, खाली फोडलेला नारळ. म्हटलं, आता तरी हा लाजेल.

तर माझ्यावरच खेकसला, "वाट लागली यार! सीनमध्ये लिंबू-मिरची कुठेय? आता फोटो मॅच कसा करू?"