नवव्या फळीची चौकशी

रविवार, सकाळी साडेसात. घरामागचा लाकडी डेक. डेकवर मी, ओणवा, हातात पाण्याचा मग, आणि दारात बायको, "झालं का सुरू तुमचं?" म्हणत उभी. आता तुम्हीच सांगा, सुतार म्हणतो सगळ्या फळ्या घासल्या, सगळ्यांना तेलाचे दोन हात दिले, मग तपासायला नको? तीस वर्षं बातमीदारी केली मी, कोणी "सगळं व्यवस्थित आहे" म्हटलं की आधी तिथेच जाऊन... आरोप नाही करत मी. प्रश्न विचारतोय.

तर तेल नीट बसलं असेल तर पाण्याचा थेंब लाकडावर मण्यासारखा उभा राहतो. पहिली फळी, उभा. दुसरी, उभा. आठवीपर्यंत सगळं ठाकठीक, हेच मुळात संशयास्पद. नववीवर ठेवला आणि बघता बघता लाकडाने पिऊन टाकला! आणि नववी कुठली? जिच्यावर रोज संध्याकाळी बाबांची खुर्ची असते. ब्याऐंशीचे बाबा, हातात काठी, एकदा मोडलेला खुबा... फळी कुजली, खुर्चीचा पाय आत गेला, तर धरायचं कोणाला?

सुताराला फोन केला. आला. चहासुद्धा नको म्हणाला, हे लक्षात ठेवा. उकिडवा बसला, फळीवर टकटक केली आणि मी आयुष्यभर लोकांकडे जसं बघत आलो, तसं माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ही फळी माझी नाही."

"म्हणजे?"

"शुक्रवारी तेल लावून गेलो तेव्हा इथे जुनी होती. ही कोरी आहे. स्क्रूपण माझे नाहीत. जुनी बदला म्हणून मी सांगितलं होतं, तुम्हीच म्हणालात, काम वाढवू नकोस."

म्हणालो होतो. कारण प्रत्येक सुतार असंच... आरोप नाही करत मी.

शनिवारी मी दिवसभर ऑफिसात, घरात बायको आणि बाबा, दोघंच. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला वाटलं तुम्हीच बदलून घेतलीत, म्हटलं चला, सुचलं एकदाचं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, मला चपलेचा पट्टा लावायला वाकता येत नाही, मी फळ्या बसवू?" शेजारच्या निवृत्त मास्तरांना कुंपणावरून विचारलं, ते म्हणाले, तुमच्याकडे मी कशाला येऊ, आणि लगेच आत गेले. लगेच. का? प्रश्न विचारतोय फक्त.

तुम्हाला सांगतो, "मी नाही केलं" म्हणणारे ढिगाने पाहिले, पण ते वाईट कामाबद्दल. चांगलं काम नाकारणाऱ्याला कोंडीत कसं पकडायचं, हे मला कोणी शिकवलेलंच नाही.

जुनी फळी सापडली, कचऱ्याच्या डब्यामागे. वरून गुळगुळीत, तेलाने चकचकीत. उलटी करून अंगठा दाबला, तर पेरभर आत गेला.

कोऱ्या फळीला तेलाचे दोन्ही हात मी स्वतः दिले, गुडघे टेकून, निमूटपणे. ती तिथे बसवली कोणी, हे आज अकरा दिवस झाले, अजून कोणी कबूल केलेलं नाही.